डिप्रेशनची नवी गोळी: जोर तोच, त्रास वेगळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 34, शाळेत शिक्षिका. डिप्रेशनसाठी फॅमिली डॉक्टरांनी दहा आठवड्यांपूर्वी एस्सिटालोप्रॅम 10 मिलिग्रॅम आणि झोप-घबराटीसाठीचं क्लोनाझेपॅम 0.5 मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी रात्री सुरू केली. सारखं रडू येणं आणि छातीतली धडधड थांबली. पण दिवसभर मरगळ असते, शिकवताना शब्द आठवत नाहीत, वजन तीन किलोनं वाढलंय आणि शरीरसंबंधाची इच्छा पार गेली आहे. आता सायकिॲट्रिस्ट म्हणतात, त्याऐवजी व्होर्टिऑक्सेटिन ही डिप्रेशनची नवी गोळी देऊन बघू. ती बरीच महाग आहे. नवऱ्याचं म्हणणं, नवं औषध म्हणजे जास्त पॉवरफुल असणारच. सासूबाईंचं म्हणणं, नव्या औषधाची खात्री काय? आणि तुम्हाला स्वतःला हवंय ते हे, की यातलं काय सुरक्षित आहे आणि गोळ्या सुटणार कधी.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, वीसेक वर्षं जिल्ह्याच्या गावात ओपीडी चालवते. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे "हे घ्या, ते बंद करा" असं मी सांगणार नाही. पण तुमच्यासारखी पेशंट समोर बसली असती तर मी कुठल्या क्रमानं विचार केला असता, ते सांगते.

माझ्या दृष्टीनं नवी की जुनी हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा, की आज जो त्रास उरलाय तो नेमका कशाचा आहे? उरलेल्या डिप्रेशनचा, एस्सिटालोप्रॅमचा, की क्लोनाझेपॅमचा? तिन्हींमुळे मरगळ येते आणि इच्छाही तिन्हींमुळे जाते. कारण न शोधता गोळी बदलली तर पैसे जातात आणि दोन महिन्यांनी आपण पुन्हा तिथेच उभे.

तुमच्या गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून बघा. मागच्या चंदेरी कागदावर बारीक अक्षरात दोन नावं असतील. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पेशंटना आपण दोन औषधं घेतोय याचा पत्ताच नसतो, कारण गोळी एकच असते. ही जोडगोळी आपल्याकडे भरपूर लिहिली जाते, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. एस्सिटालोप्रॅमचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात उलट बेचैनी वाढू शकते, आणि क्लोनाझेपॅम पहिल्याच रात्री झोप लावतं. पेशंट खूश, डॉक्टर खूश. पण क्लोनाझेपॅमचं काम त्या पहिल्या दोन-चार आठवड्यांपुरतं. त्यानंतर ते चालू राहिलं की दिवसा सुस्ती, विसरायला होणं, ऐनवेळी शब्द न सुचणं हे सुरू होतं. वर्गात फळ्यासमोर उभं राहून तुम्हाला जे होतंय त्याचं वर्णन वाचताना मला आधी तेच आठवलं. शरीरात ते रेंगाळतं, त्याचं अर्धं प्रमाण उतरायलाच साधारण दीड दिवस जातो. म्हणजे रात्रीची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारच्या तासालाही अंगात असते.

जोडगोळीची आणखी एक अडचण आहे. डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्रॅम वाढवायचं ठरलं तर क्लोनाझेपॅमही आपोआप दुप्पट होतं. म्हणून मी आधी दोन्ही वेगळ्या गोळ्या करून देते. एस्सिटालोप्रॅम तसंच ठेवायचं आणि क्लोनाझेपॅम काही आठवड्यांत पायरीपायरीनं उतरवायचं. हे मनानं करू नका. क्लोनाझेपॅम एकदम तोडलं तर झोप उडते, घबराट दुपटीनं परत येते आणि क्वचित फिटही येऊ शकते. सवय लागण्याची जी भीती घरोघरी डिप्रेशनच्या गोळीला चिकटवली जाते, ती खरी या दुसऱ्या गोळीची आहे.

इतकं झालं की मग मी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची यादी भरून घेते. 0 ते 27 गुण. सुरुवातीला किती होते आणि आज किती, हे कागदावर आलं की "बरं वाटतंय पण..." यातला "पण" मोजता येतो. गुण निम्म्याहून खाली आले नसतील तर औषध पुरतं लागू झालेलं नाही. आणि 10 मिलिग्रॅम ही एस्सिटालोप्रॅमची सुरुवातीची मात्रा आहे, ती 20 पर्यंत जाते. मरगळ टिकून असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 बघितल्याशिवाय मी कुठल्याच गोळीला दोष देत नाही. तुमच्या वयाच्या बायकांमध्ये या तीनपैकी एक तरी कमी-जास्त निघणं मुळीच दुर्मीळ नाही.

आता नवऱ्याच्या मुद्द्याकडे येते. नवं म्हणजे जास्त जोरदार का?

या औषधांची वंशावळ पाहिली तर गंमत कळते. पहिलं खरं डिप्रेशनविरोधी औषध इमिप्रामिन, स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी 1957 मध्ये त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत मान्यता 1987 मध्ये मिळाली, एस्सिटालोप्रॅमला 2002 मध्ये, व्होर्टिऑक्सेटिनला 2013 मध्ये. या साठ वर्षांत गोळ्या घ्यायला खूप सोप्या झाल्या, जास्त घेतल्या गेल्या तरी जिवावर बेतण्याचा धोका बराच कमी झाला. पण जोर फारसा वाढला नाही. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांचं मोठं विश्लेषण आलं. त्यात 21 औषधं, 522 चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांवर पेशंट होते. एकवीसही औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिसायला तशाच गोळीपेक्षा, सरस ठरली. पण प्लासिबोशी तुलना करता सगळ्यांत वर होती ॲमिट्रिप्टिलिन, 1961 पासून बाजारात असलेली. औषधांची एकमेकांशी तुलना केली तेव्हा जो वरचा गट निघाला त्यात व्होर्टिऑक्सेटिन आहे, आणि तुम्ही आत्ता घेताय ते एस्सिटालोप्रॅमही आहे. म्हणजे ताकदीच्या हिशोबानं तुम्ही एका बाकावरून उठून त्याच रांगेतल्या शेजारच्या बाकावर बसणार आहात.

हा जोर किती, तेही स्पष्ट सांगते, कारण "गोळी घेतली की बरं होतं" आणि "गोळ्या म्हणजे सगळा धंदा" ही दोन्ही टोकं मला ऐकावी लागतात. चाचण्यांमध्ये दोन महिन्यांत 100 पैकी साधारण 50 जणांना औषधानं ठळक गुण येतो, प्लासिबोनं 35 ते 40 जणांना. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे, आणि ओपीडीत तो दिसतो. प्लासिबोच्या गटातल्या लोकांकडेही डॉक्टर आठवड्या-दोन आठवड्यांनी लक्ष देत होते, विचारपूस करत होते, हेही लक्षात घ्या. आपल्याकडे तीन मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर पडलेल्या पेशंटला तेवढंही मिळत नाही.

शिवाय कंपन्यांनी छापलेले आकडे जरा फुगलेले असतात. एरिक टर्नर हे पूर्वी एफडीएमध्ये, म्हणजे अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेत होते. त्यांनी 2008 मध्ये एफडीएकडे नोंदलेल्या 74 चाचण्या आणि नियतकालिकांत छापून आलेल्या चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या. अनुकूल निकालाच्या जवळजवळ सगळ्या छापल्या होत्या, प्रतिकूल निघालेल्या बऱ्याच दाबल्या किंवा रंगवून मांडल्या होत्या. 2022 मध्ये त्यांच्या गटानं हाच तपास नंतर आलेल्या चार औषधांचा केला, त्यात व्होर्टिऑक्सेटिन होतं. 30 चाचण्यांपैकी निम्म्याच एफडीएच्या मते यशस्वी होत्या. लपवाछपवी आधीपेक्षा कमी झाली, ही चांगली बाजू. पण नवी औषधं जुन्यांना मागे टाकतात असं त्यातही दिसलं नाही. एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या, हातातल्या गुळगुळीत पत्रकावर हे नसतं.

"एक लागू पडली नाही तर दुसऱ्या प्रकारची हवी" हेही वाटतं तितकं सरळ नाही. अमेरिकेत चार हजारांवर पेशंट घेऊन स्टार-डी नावाचा अभ्यास झाला, निकाल 2006 मध्ये आले. पहिल्या टप्प्यात सिटालोप्रॅमवर (एस्सिटालोप्रॅमच्याच वर्गातलं औषध) साधारण एक तृतीयांश लोक पूर्ण सावरले. ज्यांना गुण आला नाही त्यांतल्या काहींना तीन वेगवेगळ्या प्रकारची औषधं बदलून दिली, आणि तिन्ही गटांत जवळपास चौथा हिस्सा बरा झाला. कुठली दिली यानं फरक पडला नाही. पण त्या अभ्यासात पहिल्याच औषधाची मात्रा नीट वाढवली होती आणि गुण यायला बऱ्याच जणांना आठ आठवड्यांहून जास्त लागले होते. आपल्याकडे "लागू पडली नाही" म्हणून येणाऱ्या फायली उघडल्या की बहुतेक वेळा दिसतं ते असं: तीन आठवड्यांत बदललेली गोळी, सुरुवातीच्याच मात्रेवर अडकलेली गोळी, किंवा बरं वाटलं म्हणून सोडलेली गोळी.

मग तुमच्या सायकिॲट्रिस्टनी व्होर्टिऑक्सेटिन का सुचवलं असेल? मला वाटतं, इच्छा गेल्याच्या तक्रारीमुळे. आणि तसं असेल तर ते कारण रास्त आहे. एस्सिटालोप्रॅमच्या वर्गातल्या गोळ्यांमुळे लैंगिक इच्छा कमी होणं, स्त्री-पुरुष दोघांनाही सुखाच्या टोकाला पोचायला फार वेळ लागणं किंवा पोचताच न येणं, हे नेहमीचं आहे. पेशंट ते सांगत नाहीत. सगळं बोलून झाल्यावर नवरा दाराशी थांबून हळूच विचारतो, किंवा बाई एके दिवशी न सांगता गोळी बंद करते. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

नेमक्या याच परिस्थितीवर अमेरिकेत एक चाचणी झाली आहे. या वर्गातल्या गोळ्यांनी मन बरं झालेलं, पण लैंगिक त्रास असलेल्या लोकांना आठ आठवडे व्होर्टिऑक्सेटिन किंवा एस्सिटालोप्रॅम दिलं. दोन्ही गटांत सुधारणा झाली, व्होर्टिऑक्सेटिनच्या गटात जास्त. डिप्रेशनवरचा ताबा दोन्हीकडे टिकला. म्हणजे या कारणासाठी बदल करणं शहाणपणाचं आहे, फक्त जादूची अपेक्षा नको. 20 मिलिग्रॅमपर्यंत मात्रा नेली की हा त्रास व्होर्टिऑक्सेटिनमध्येही काही जणांना जाणवतो. तिचा मुख्य त्रास मळमळ, बायकांना जरा जास्तच. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जोरात असते आणि बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत ओसरते. मी 5 मिलिग्रॅमवर सुरू करते, जेवणानंतर घ्यायला सांगते आणि "मळमळ होणार आहे" हे आधीच सांगून ठेवते. सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी फोन येतो की गोळी सोसत नाही.

वजनासाठी म्हणून मात्र बदलू नका. 2024 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींवरून एक तुलना आली. सहा महिन्यांनी एस्सिटालोप्रॅम आणि त्याच वर्गातलं सर्ट्रालिन यांच्यातला वजनवाढीचा फरक अर्ध्या किलोहूनही कमी होता, बुप्रोपियॉनवर वजन सगळ्यांत कमी वाढलं. तुमच्या तीन किलोंत परतलेली भूक आणि क्लोनाझेपॅमच्या सुस्तीमुळे थांबलेली हालचाल यांचाही वाटा असणार.

बाकीच्या नव्या गोळ्यांबद्दल विचारलेलं नाही, पण चिठ्ठीवर नावं दिसतात म्हणून दोन शब्द. ॲगोमेलॅटिन झोपेला चांगली, लैंगिक त्रास कमी, पण सुरुवातीला आणि मग 3, 6, 12, 24 आठवड्यांनी लिव्हरची रक्ततपासणी लागते. त्या तपासण्या होत नसतील तर ती घेऊच नये. व्हिलाझोडोन भरल्या पोटीच घ्यावी लागते. उपाशीपोटी घेतली तर निम्मं औषध अंगी लागत नाही, आणि संकष्टीला किंवा नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. डेसव्हेन्लाफॅक्सिनवर बीपी बघत राहावं लागतं. बुप्रोपियॉन फिट येण्याचा इतिहास असलेल्यांना चालत नाही. एस्केटामिनचा नाकातला फवारा अनेक औषधं हरल्यावरचा उपाय आहे, दवाखान्यात बसून, दोन तास देखरेखीखाली. तुमचा तो विषय नाही.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांची शंका मी उडवून लावणार नाही. औषध जितकं नवं तितका त्याचा लांब पल्ल्याचा अनुभव कमी, हे खरंच आहे. पण सुरक्षितता ही घेणाऱ्याच्या वयावर आणि सोबतच्या औषधांवर फार अवलंबून असते. जुन्या ॲमिट्रिप्टिलिनच्या पिढीतल्या गोळ्यांचा ओव्हरडोस हृदयावर जातो, तो धोका या नव्या पिढ्यांमध्ये खूपच कमी. 25 वर्षांखालच्या मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत याचा ठळक इशारा 2004 पासून छापला जातो आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला गेला. तुम्ही त्या वयात नाही, तरी गोळी किंवा मात्रा बदलल्यावर पहिले दोन आठवडे खूप अस्वस्थता, बसवेना असं झालं तर घरच्यांनी लक्ष ठेवावं आणि डॉक्टरांना लगेच कळवावं. जगणं नको असे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. 14416 हा सरकारी टेलि-मानसचा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

सासूबाईंच्या वयाच्या माणसाला हीच गोळी द्यायची असती तर मी जास्त जपले असते. उतारवयात, विशेषतः बीपीसाठी लघवीची गोळी चालू असताना, या औषधांनी रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस गोंधळतो, तोल जातो. घरचे म्हणतात वय झालं. व्होर्टिऑक्सेटिनही याला अपवाद नाही. तुमच्यासाठी लक्षात ठेवायच्या गोष्टी कमी आहेत. पाठ धरली म्हणून कोणी ट्रॅमाडॉल लिहिलं किंवा खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप दिलं तर आपली गोळी आधी सांगा, कारण सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन, ज्यावर या गोळ्या काम करतात, प्रमाणाबाहेर वाढू शकतं. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांसोबत पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढते. आणि आयुष्यात कधी काही दिवस झोपेची गरजच न वाटणं, भन्नाट उत्साह, अंदाधुंद खर्च असं झालं असेल, किंवा घरात कोणाला बायपोलर असेल, तर ते सायकिॲट्रिस्टना सांगाच. तिथे नुसती डिप्रेशनची गोळी उलटू शकते.

सुटणार कधी? पहिलाच आजार असेल तर पूर्ण बरं वाटायला लागल्यावर पुढे किमान सहा ते नऊ महिने त्याच मात्रेवर. गोळी सुरू केल्यापासून नव्हे, बरं वाटल्यापासून. हे गणित बहुतेकांचं इथेच चुकतं. पूर्वी दोन-तीनदा झालं असेल तर मुदत वर्षांत मोजतात. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं गोळी घेत असलेल्या आणि बरं वाटत असलेल्या लोकांवर एक चाचणी झाली, 2021 मध्ये निकाल आला: गोळी चालू ठेवलेल्यांत वर्षभरात 39 टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, हळूहळू बंद केलेल्यांत 56 टक्क्यांना. गोळी हे कवच आहे हे खरं, आणि गोळी सोडूनही बरेच जण नीट राहिले हेही खरं.

सोडताना मात्रा आठवड्याआठवड्यानं उतरवायची. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. 2024 मध्ये बऱ्याच अभ्यासांची बेरीज प्रसिद्ध झाली, त्यात गोळी बंद केल्यावर असा काहीतरी त्रास 31 टक्क्यांना झाला, पण प्लासिबो बंद केल्यावरही 17 टक्क्यांना झाला. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हे जास्त. व्होर्टिऑक्सेटिन शरीरात रेंगाळत असल्यानं एखादा डोस चुकला तरी फारसं जाणवत नाही.

गोळीइतकीच महत्त्वाची एक गोष्ट मी सगळ्यांना लिहून देते, आणि तिचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशनच्या पेशंटना डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक लोकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. रोजच्या दिवसात सोडून दिलेली कामं आणि आवडीच्या गोष्टी ठरवून परत आणायच्या, एवढाच त्या भेटींचा गाभा. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालात तीन महिन्यांनी त्या गटातले 64 टक्के सावरले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांतले 39 टक्के. तुमच्या गावात समुपदेशक असेल तर गोळीच्या जोडीला जा. महागड्या गोळीवरचा जादा खर्च आणि चार सेशनची फी यांत निवड करायची वेळ आली, तर मी सेशन निवडीन.

तेव्हा पुढच्या भेटीत सायकिॲट्रिस्टना चार गोष्टी विचारा. क्लोनाझेपॅम वेगळं करून कधी उतरवायचं? पीएचक्यूचे गुण किती खाली आलेत? बदल इच्छेच्या तक्रारीसाठी आहे की डिप्रेशन उरलंय म्हणून? आणि उरलंय म्हणून असेल, तर आधी एस्सिटालोप्रॅमचीच मात्रा का वाढवायची नाही? त्यांनी तुम्हाला तपासलंय, मी नाही. माझ्या अंदाजापेक्षा त्यांचं उत्तर वेगळं असू शकतं आणि तेच बरोबर असू शकतं. जाताना रिकामी स्ट्रिप आणि फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

शिवाय एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण 34 वय वाचून विचारावीशी वाटते. येत्या वर्ष-दोन वर्षांत मूल हवं असेल, तर ते सायकिॲट्रिस्टना आधीच सांगा. गरोदरपणातला अनुभव सर्ट्रालिनचा खूप जास्त आहे, एस्सिटालोप्रॅमचाही बऱ्यापैकी, आणि व्होर्टिऑक्सेटिनचा अजून तोकडा. तिथे सासूबाईंचं म्हणणं बरोबर ठरतं, आणि मग बदल करायचाच असला तरी मी नव्या गोळीकडे न जाता आधी सर्ट्रालिनचाच विचार केला असता.